बिबडे तुडवणारं पोर आणि कानातला आवाज

ताई, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. वय 27. मुलगा 4 वर्षांचा, मुलगी 10 महिन्यांची. मालक सुरतला कापडाच्या कारखान्यात आहेत, घरी सासू-सासरे. पोरगा फार आडमुठा झालाय. ताट फेकतो, बहिणीला चावतो, बाजारात मध्येच लोळण घेतो. परवा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बिबडे (ज्वारीचे पापड) घालत होतो. त्याने मोबाइल मागितला, मी नाही म्हटलं, तर ओल्या बिबड्यांवरून नाचत गेला. मी दोन थोबाडीत दिल्या. तो काळानिळा होईपर्यंत रडला आणि सासूबाईंनी मोबाइल देऊन गप्प केला. वर बोलणी मलाच बसली.

आमच्या अंगणवाडीताई सांगतात, एक संस्था फोनवरून आईबापांना शिकवते. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, आपण पोराशी खेळायचं आणि तिकडच्या मॅडम आपल्या कानात सांगणार. सासूबाई म्हणतात, “फोनवर कधी पोऱ्या सुधरस का?” मलाही शंका आहे. मॅडम मलाच रागावतील का? पोराच्या डोक्यात काही दोष असेल का? आमच्याकडे रेंज फक्त धाब्यावर येते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जायचंय, तेव्हा काय करायचं? आणि घर सगळं पसरलेलं असतं, ते कॅमेऱ्यात दिसेल याची लाज वाटते.
— एक आई

नमस्कार ताई,

नाव नोंदवा. अंगणवाडीताईंना उद्याच सांगा. काही गोष्टी आधी विचारून घ्याव्या लागतील, त्या मी पुढे सांगते. पण त्याआधी तुमच्या धाब्यावर जाऊ, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ त्या दहा मिनिटांत आहे.

त्या सकाळी तिथं तिघं होती आणि तिघंही काहीतरी शिकली. पोरगा शिकला की नुसतं मागून मोबाइल मिळत नाही, बिबडे तुडवले आणि छाती फुटेस्तोवर रडलं की मिळतो. सासूबाई शिकल्या की मोबाइल दिला की घर गप्प होतं. आणि तुम्ही शिकलात की हात उचलला की पोरगं निदान अर्धा मिनिट थबकतं. प्रत्येकाला आपापल्या जागी लगेच फळ मिळालं, म्हणून उद्या प्रत्येक जण तेच पुन्हा करणार, थोडं जास्त जोराने. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं घरोघरी बसून आईबाप आणि मुलांचं वागणं मिनिटामिनिटाने टिपलं, तेव्हा त्याला हेच चक्र दिसलं. मूल जोर लावतं, मोठे जोर लावतात, शेवटी कोणीतरी सोडून देतं, आणि ज्याने जास्त ताणलं तो जिंकतो. पारोळ्याचं धाबं त्याने पाहिलेलं नव्हतं, पण गोष्ट तीच.

यात दोष कोणाचा, हे शोधायला गेलात तर घरात भांडण होईल, बाकी काही होणार नाही. चक्र एकट्या पोराचं नाही आणि एकट्या तुमचंही नाही. पण ते फिरवायचं थांबवायला सुरुवात मोठ्या माणसानेच करायची असते, कारण चार वर्षांच्या मुलाला चक्र दिसत नाही, त्याला फक्त मोबाइल दिसतो.

म्हणून सासूबाईंचा प्रश्न बरोबर आहे, फक्त थोडा बाजूला सरकलेला आहे. फोनवर पोऱ्या सुधरत नाही, खरंच नाही. फोनवरच्या बाई पोराला शिकवणारच नाहीत. त्या तुम्हाला शिकवणार, तुमच्या घरात, तुमचं पोर समोर असताना, नेमकं त्या क्षणी. त्यांनी रिकाम्या खोलीत तासभर व्याख्यान दिलं असतं तर मीही तुम्हाला म्हटलं असतं, राहू द्या, त्या वेळात झोप काढा.

ही पद्धत आजची नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी तिची बांधणी केली. तिला पालक-बालक संवाद उपचार म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून पीसीआयटी. ती साधारण 2 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी आहे. दवाखान्यात आई आणि मूल एका खोलीत खेळत, तज्ज्ञ एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेपलीकडे बसत आणि आईच्या कानातल्या यंत्रातून तिला हळूच सांगत. मुलाला फक्त आईचा आवाज ऐकू येई. अडचण अशी की काचेची खोली आणि असा तज्ज्ञ शहरात, आणि मुलं तर गावोगाव. मग काचेच्या जागी कॅमेरा आला. जोनाथन कोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 3 ते 5 वर्षांची 40 मुलं, काहींचे आईबाप दवाखान्यात येऊन शिकले, काहींचे घरीच कॅमेऱ्यासमोर. घरी शिकलेल्यांची मुलं मागे पडली नाहीत, आणि त्या आईबापांना अडचणीही कमी जाणवल्या. 40 हा आकडा लहान आहे आणि अमेरिकेतलं घर म्हणजे आपलं घर नव्हे, हे मी लपवत नाही. पण मला स्वतःला त्यातली घराची बाजू फार पटते. धुळ्याच्या दवाखान्यातल्या चकचकीत खोलीत तुमचा मुलगा गुणाने वागेल. तिथं बिबडे नाहीत, आजी नाही, रांगत येऊन खेळणं ओढणारी बहीण नाही. जिथं दुखतं तिथंच हात लागायला हवा, आणि फोन तेवढं करू शकतो.

आता कॉलवर काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती जाईल. पहिल्या भेटीत बहुतेक पोर नसतंच, फक्त तुमच्याशी बोलतात. नंतर तुम्ही रोज पाच मिनिटं त्याच्याशी खेळायचं, आणि त्या पाच मिनिटांत राजा तो. ट्रॅक्टर घ्यायचा की ठोकळे, ते तो ठरवेल. तुम्ही हुकूम द्यायचा नाही, चूक काढायची नाही, आणि प्रश्नही विचारायचा नाही. हे शेवटचं वाचून तुम्हाला सोपं वाटेल. आज रात्री करून बघा. “हा कोणता रंग? गाडी कुठं चालली? असं का ठेवलं?” आपण आया प्रश्नांशिवाय बोलतच नाही! प्रत्येक प्रश्न म्हणजे मुलाच्या हातातून खेळ काढून घेणं असतं. त्याऐवजी तो जे करतो ते नुसतं मोठ्याने सांगायचं, क्रिकेटचं धावतं समालोचन असतं तसं. तुम्ही घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच: “चालना ट्रॅक्टर वावरमा!” कोणी मॅडम तुम्हाला पुस्तकी मराठीत बोलायला सांगत असतील तर ऐकू नका. पोराला आईची भाषा हवी असते.

आणि कौतुक करायचं, पण नेमकं. नुसतं “शहाणा माझा” म्हटलं तर कशाबद्दल ते त्याला कळत नाही. “वा रे मना वाघ, ठोकळा बहिणीच्या हातात हळू दिलास” असं म्हटलं तर उद्या तो पुन्हा हळू देईल, कारण कशाने आईचा चेहरा उजळतो हे त्याला समजलं. खेळताना तो किरकोळ आगाऊपणा करेल, तेव्हा तुमची नजर दुसरीकडे, आणि तो थांबला की त्याच क्षणी परत त्याच्याकडे. मुलाला ओरडा आणि लाड यात फार फरक वाटत नाही, त्याला तुमचं लक्ष हवं असतं. सध्या ते त्याला बिबडे तुडवल्यावर सगळ्यात जास्त मिळतं.

बहीण आल्यावर तर हे आणखी वाढतं. दहा महिन्यांपूर्वीपर्यंत तुमची मांडी त्याची होती. त्या पाच मिनिटांत तुम्ही त्याला ती परत देता, म्हणून मी याला खेळ म्हणत नाही, उपचार म्हणते. मुलगी तेवढा वेळ आजीकडे असू द्या.

कानातला आवाज इथं कामाला येतो. तुम्ही सवयीने म्हणाल, “अरे असं नको,” आणि कानात येईल, “आता त्याने काय चांगलं केलं ते सांगा.” पुस्तकात वाचून हे जमत नाही, कारण राग आल्यावर पुस्तक आठवत नाही. मॅडम रागावतील का, असं तुम्ही विचारलंत. चांगली समुपदेशक आईलाही तसंच शिकवते जसं तिने पोराला शिकवावं अशी अपेक्षा असते, म्हणजे जे जमलं ते आधी सांगून. ती तुम्हाला पोरासमोर किंवा सासूबाईंसमोर खाली पाहायला लावत असेल, तर दोन कॉल बघा आणि सोडा. माणूस बदलून मागायचा हक्क तुम्हाला आहे.

काही आठवड्यांनी दुसरा भाग येतो, सांगितलेलं ऐकायला लावण्याचा. एका वेळी एकच गोष्ट, जवळ जाऊन, साध्या आवाजात, आणि काय करू नको यापेक्षा काय कर ते. “दंगा करू नको” याने काहीच होत नाही. “हात मांडीवर ठेव” हे त्याला करता येतं. सांगितल्यावर मनात पाच आकडे मोजा. ऐकलं तर लगेच कौतुक, नाही ऐकलं तर दरवेळी तोच ठरलेला परिणाम. तो परिणाम कोणता आणि कसा, हे मात्र फोनवरच्या बाईंकडूनच शिका, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून करू नका. काहीजण शांत बसवणं म्हणजे कोठीत कोंडणं समजतात. अंधारात कोंडणं, उपाशी ठेवणं, बागुलबुवाची भीती घालणं यातलं काहीही या पद्धतीत नाही.

सगळ्यात जास्त आया हे कुठं सोडून देतात ते सांगते, कारण तुम्हीही तिथं पोचाल. तुम्ही हट्टाला दाद देणं थांबवलं की पोरगा आधी आणखी हट्ट करतो. तो रडका आहे म्हणून नव्हे. आजवर जे चालत होतं ते चालेना, म्हणून तो जास्त जोर लावून बघतो, जसं दार अडकलं की आपण आधी धक्का मारतो. पाच मिनिटं रडणारा पंधरा मिनिटं रडेल. त्या वेळी घरातलं कोणीतरी म्हणेल, बघा, फोनवाल्या बाईने पोर आणखी बिघडवलं. आणि त्या पंधराव्या मिनिटाला कोणी मोबाइल दिला, तर पोरगा शिकेल की पाच मिनिटं पुरत नाहीत, पंधरा लागतात. रोज मिळण्यापेक्षा कधीमधी मिळालं की सवय जास्त चिवट होते. मटक्याचा नाद सुटत नाही तो त्यामुळेच. म्हणून सुरू करायच्या आधीच घरात सांगून ठेवा की काही दिवस वाईट जातील, आणि त्या दिवसांत समुपदेशकबाईंना मधेच फोन करता येईल का हे आधी ठरवून घ्या.

चावणं मात्र दुर्लक्ष करण्याच्या यादीत नाही. तिथं वाट बघायची नाही. आधी मुलीला उचलून बाजूला घ्या, मग तुटक शब्दांत एकदा सांगा की चावायचं नाही, आणि मग व्याख्यान न देता शांत व्हा. लक्ष आधी जिला लागलं तिला.

सासूबाईंना या चक्रातून वगळू नका. त्यांनी मोबाइल दिला तो पोराच्या मायेने आणि धाब्यावर शेजारपाजार बघतोय या लाजेने. एका कॉलला त्यांना शेजारी बसवा. कानातलं यंत्र थोडा वेळ काढून फोन स्पीकरवर ठेवा आणि समुपदेशकबाईंना सांगा की आजींना त्यांची एक गोष्ट विचारा, त्यांनी इतकी पोरं कशी वाढवली ते. मी आजवर ज्या घरांशी बोलले, तिथं आजी बाजूने आली की अर्धं काम झालं, आणि आजी विरोधात गेली की आईचे दहा आठवडे एका दुपारी वाया गेले. बिबडे घालायच्या दिवशी नातू कोणाकडे, हे दोघींनी आदल्या रात्री ठरवलं तरी खूप. आणि त्यालाही काम द्या. ज्वारीच्या पिठाचा गोळा आणि एक जुना रुमाल, त्याचे स्वतःचे दोन बिबडे. जे स्वतः घातलेत ते मूल तुडवत नाही.

तुमच्या मालकांसाठी तर ही फोनवरची शिकवणी वरदान आहे. जळगावच्या दवाखान्यात ते दर आठवड्याला सुरतहून येऊ शकले नसते. कॉलला ते तिकडून जोडले जाऊ शकतात. संध्याकाळी मुलाशी बोलताना “गप बस, येताना मोठी गाडी आणतो” असं ते म्हणत असतील तर आज पोरगा कशाने गप्प बसलाय हे त्यांनाही कळायला हवं. त्यांची पाच मिनिटं व्हिडिओवर होऊ शकतात, पोराने ट्रॅक्टर दाखवायचा आणि बापाने नुसतं सांगत राहायचं.

आता विचारून घ्यायच्या गोष्टी. पलीकडे कोण आहे, शिक्षण काय, हे विचारायला संकोचू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, क्रमांक मागता येतो. प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्ती असेल तरी हरकत नाही, पण तिच्यावर देखरेख कोणाची ते कळलं पाहिजे. कॉलचं चित्रीकरण होतं का, ते कोण बघतं, तुमच्या परवानगीशिवाय कुठं जाणार नाही ना, हे लेखी घ्या. पैशांबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. “खात्रीने सुधारतो” म्हणणाऱ्यापासून दूर राहा, तसंच पोराला न बघता औषध सुचवणाऱ्यापासूनही.

रेंजची चिंता मोठी नाही. कॉल धाब्यावर घ्या, ऊन उतरल्यावर, कठड्यापासून लांब. व्हिडिओ अडकला तर नुसत्या आवाजावर चालतं, किंवा पाच मिनिटांचा खेळ कोणाकडून तरी टिपून व्हॉट्सॲपवर पाठवा आणि नंतर त्यावर बोला. तारेचा इअरफोन घ्या, चार्जिंगची भानगड नको. खरी अडचण वेगळी आहे: ज्या वस्तूसाठी पोरगा लोळण घेतो, तीच वस्तू समोर उभी करायची आहे. पहिले दोन कॉल तो फोनच्या मागेच धावेल. फोन उंचावर ठेवा, पाण्याच्या टाकीवर वगैरे, हाताला लागणार नाही असा, आणि पडद्यावर कागद लावा म्हणजे त्याला चित्र दिसणार नाही. बाईंना हे आधी सांगा, त्यांना सवय असते.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 2 ते 4 वर्षांच्या मुलाने दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडद्यासमोर बसू नये, कमी तितकं बरं. एका दिवसात तोडू नका. वेळ ठरवा, आणि तो वेळ रडण्याच्या आधी येऊ द्या, रडण्याच्या नंतर कधीच नको.

डोक्यात दोष आहे का? तुम्ही जे लिहिलंत, त्यावरून मला चक्र दिसतं, आजार दिसत नाही. पण पत्रावरून तपासणी होत नाही. तो वाक्यं बोलतो का, मागून हाक मारली तर वळतो का, दुसऱ्या पोरांत मिसळतो का, आधी येत असलेलं काही विसरला का, कधी झटके आले का, कान वाहतो का? यातल्या एकाचंही उत्तर खटकलं तर फोनवरच्या शिकवणीची वाट न बघता दाखवा. कमी ऐकू येणारं मूल हट्टी वाटतं, आणि अंगात रक्त कमी असलेलं मूल चिडचिडं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे 2013 पासून चालू असलेलं, तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ताईंना तारीख विचारा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. पुढे गरज पडली तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, जिथं मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासतात.

त्या दोन थोबाडीत. तुम्ही ते लिहिलंत, लपवू शकला असता. मारू नका, ताई. मार काम करत नाही म्हणून तर आहेच, पण चावणाऱ्या पोराला मारून आपण त्याला हेच दाखवतो की राग आला की मोठी माणसंसुद्धा हात चालवतात. हात शिवशिवला की मुलीला उचला, दोन पावलं मागे जा, घोटभर पाणी प्या. तेवढ्यात तो काय तुडवेल ते तुडवू दे. बिबडे पुन्हा घालता येतात.

आणि तुम्ही स्वतः? 10 महिन्यांचं तान्हं, नवरा गावात नाही, आणि पत्रात तुमच्या झोपेबद्दल एक शब्द नाही. रडू आवरत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल किंवा पोरांना काही करून बसू अशी भीती वाटत असेल, तर 14416 वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली, चोवीस तास आणि मोफत, मराठीत बोलता येतं. पोराच्या शिकवणीपेक्षा तुमचा नंबर आधी.

आखाजीला माहेरी जा. जरूर जा. झोके घ्या, आईच्या हातचं खा. पाच मिनिटांचा खेळ तिथंही चालतो आणि आठवड्याचा कॉलही, फोन तुमच्याबरोबरच येणार आहे. तुमच्या आईला फक्त एवढं आधी सांगून ठेवा की रडल्यावर त्याला मोबाइल किंवा पैसे देऊ नका. शिकवणी सुरू झाली नसेल तरी खेळ आजच सुरू करा. पाऊस पडला, पेरणी लागली की तुम्हाला वेळ मिळणार नाही, आणि त्याला नवीन सवय लागायला हे दोन महिने बरे आहेत.

घर पसरलेलं दिसेल, त्याची लाज वाटते म्हणालात. आवरू नका. वाळत घातलेली धोतरं, पाट्यावरचं वाटण, कोपऱ्यातला पाळणा, आजींची बैठक, हे सगळं समुपदेशकबाईंना दिसलं तर त्यांना कळेल की पोर कुठं धडकतं आणि तुम्हाला कुठं वळायलाही जागा नाही. तेवढा विळा मात्र आधी उचलून वर ठेवा.